तिसऱ्याचं नाव

"कबूल कर म्हणून सांगू, की कबूल करू नकोस म्हणून सांगू?"

भन्ते खेमानंदांनी मान वर केली नाही. तलावाकाठच्या त्या लहानशा विहाराच्या ओसरीवर बसून ते फाटलेल्या चिवराला टाके घालत होते. वयाची ऐंशी उलटलेली. सुई हवी तिथे शिरतच नव्हती.

"भन्ते, मी तुम्हाला विचारतोय."

"ऐकलं."

"मग?"

"कुणाला सांगायचंय?"

"सुकल्याच्या भावाला."

"आणि सुकल्याला काय सांगितलं होतंस?"

अश्वघोष रामटेके गप्प झाला. कोर्टात तो कधी गप्प होत नसे.

जिल्ह्यात त्याचं नाव होतं. रामटेके वकील उलटतपासाला उभा राहिला की साक्षीदार आधी पाणी मागतो, असं बाररूममध्ये हसत हसत म्हटलं जाई, आणि ते ऐकून अश्वघोषही हसे. बावीस वर्षांपूर्वी तो याच भन्तेंच्या हाताखाली शिकला होता. तेव्हा ते भन्ते नव्हते, गजभिये वकील होते. आरोपीच्या बाजूने उभं राहावं तर त्यांनीच, असा त्यांचा लौकिक. एके दिवशी त्यांनी काळा कोट खुंटीला अडकवला आणि पुन्हा काढला नाही. वर्षभराने डोकं मुंडवून ते या विहारात येऊन राहिले. का, ते कुणाला सांगितलं नाही. विचारायची छातीही कुणाची झाली नाही.

"सुकल्याला मी सांगितलं होतं... कबूल करू नकोस म्हणून."

"बरं."

"तो निर्दोष होता, भन्ते!"

"बरं."

भन्तेंनी आणखी एक टाका घातला. मग म्हणाले, "सगळं सांग. कोर्टात सांगतोस तसं नको."

आणि अश्वघोषने सांगितलं.

सुकल्या पवार पारधी होता. गावाबाहेर पालात राहायचा, बायकोबरोबर मधाची पोळी आणि झाडपाल्याची औषधं विकायचा. शहरात एक घर फुटलं. पोलिसांनी रिवाजाप्रमाणे आधी पाल गाठलं आणि जो हाती लागला त्याला उचललं.

जामीन पंधरा दिवसांत मंजूर झाला. जामीनदार काही मिळाला नाही. आपला सातबारा घेऊन पारध्यासाठी कोर्टात सही करायला कोण येणार? जामीनदाराशिवाय, नुसत्या जातमुचलक्यावर सोडा, असा अर्ज अश्वघोषने केला. सरकारी वकील म्हणाले, आरोपीला कायमचा पत्ता नाही. अर्ज फेटाळला गेला. अशा रीतीने जामीन मिळालेला सुकल्या तुरुंगातच राहिला.

आठव्या महिन्यात आरोप वाचून दाखवायची तारीख लागली. आदल्या दिवशी तुरुंगातल्या जाळीपलीकडून सुकल्याने विचारलं होतं, "साहेब, कबूल केलं त घरी जाता येईन का?"

"येईल. आठ महिने आत काढलेस, कोर्ट तेवढ्याच शिक्षेवर सोडून देईल."

"मंग करतो न कबूल."

"तू चोरी केलीस?"

"नाय."

"मग कबूल कसं करतोस? वेडा आहेस का? मी तुला निर्दोष सोडवतो. अंगाला डाग न लागता बाहेर येशील."

सुकल्या हसला होता. "डाग त जन्मताच लागला न, साहेब. मले घरी जायचं हाय."

"थोडी कळ काढ," अश्वघोष म्हणाला होता.

इथे सांगता सांगता तो अडखळला. भन्तेंनी सुई थांबवली.

"का?"

"काय का?"

"कळ काढ का म्हणालास?"

"कारण तो निर्दोष..."

"ते झालं."

ओसरीसमोरच्या तलावात एक पाणकोंबडी बुडाली, लांब जाऊन वर आली.

"मला केस आवडली होती," अश्वघोष हळूच म्हणाला. "पंचनाम्यावरचा पंच पोलीस ठाण्याचा ठरलेला होता. अकरा पंचनाम्यांवर त्याचीच सही. मला तो दिसत होता, भन्ते... पिंजऱ्यात उभा, घाम पुसत. मला तो उलटतपास घ्यायचा होता."

"घेतलास?"

"घेतला. तीन वर्षांनी."

तीन वर्षं कशी गेली, तेही त्याने सांगितलं. कधी साक्षीदार आला नाही. कधी न्यायाधीशांची बदली झाली. कधी कैदी आणायला गाडी नव्हती, गाडी होती तेव्हा बरोबर यायला पोलीस नव्हते. मग तुरुंगातूनच पडद्यावर हजर करायची सोय झाली. सुकल्या दिसायचा तेव्हा आवाज यायचा नाही, आवाज यायचा तेव्हा सुकल्या दिसायचा नाही. एकदा नुसता खोकला ऐकू आला. बराच वेळ. अश्वघोषने औषधोपचारासाठी अर्ज दिला. तुरुंगातून उत्तर आलं, उपचार सुरू आहेत. पुढची तारीख पडली.

शेवटी उलटतपास झाला. ज्या संध्याकाळी सुकल्याच्या पालातून दागिने निघाल्याचं पंच शपथेवर सांगत होता, त्या संध्याकाळी तो दुसऱ्या जिल्ह्यात मेहुण्याच्या लग्नात होता. अश्वघोषने लग्नाचा फोटोच पुढे केला. फेटा बांधून नाचणारा पंच. कोर्टात हशा पिकला. न्यायाधीशांनाही हसू आवरलं नाही.

निकाल गुरुवारी होता. त्या दिवशी पडदा लागलाच नाही. आरोपी गैरहजर असतानाच न्यायाधीशांनी वाचलं... निर्दोष मुक्तता.

सुटकेचा आदेश पोचवणं हे काही वकिलाचं काम नाही. पण त्या दिवशी अश्वघोषला स्वतः जायचं होतं. सुकल्याचा चेहरा बघायचा होता. तो तुरुंगाच्या दारावर गेला आणि म्हणाला, "सुकल्या पवारला सोडा. निर्दोष सुटलाय."

दारावरच्या शिपायाने वही चाळली.

"पवार? तो त मंगळवारीच सुटला."

अश्वघोष चिडला. "मंगळवारी कसा सुटेल? आदेश आज झालाय. हा बघा माझ्या हातात आहे."

शिपायाने वही मिटली. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

तेव्हा कुठे अश्वघोषला कळलं.

टीबीने गेला होता. तुरुंगाने कोर्टाला कळवलं होतं म्हणे. ते पत्र वाटेतच कुठे तरी होतं.

"आणि मंगळवारी मी काय करत होतो, माहीत आहे, भन्ते? लॉ कॉलेजात भाषण देत होतो. 'कच्चे कैदी आणि आपण.' तुरुंगातल्या चार माणसांपैकी तिघांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही, असं सांगत होतो. पोरं उभी राहून टाळ्या वाजवत होती. मीही... हात जोडून..."

भन्तेंनी पाण्याचा तांब्या त्याच्याकडे सरकवला. तो प्यायला नाही.

"बायकोला कुणी सांगितलं?"

"मी. निकालाची प्रत घेऊन पालावर गेलो होतो. सुरमी तिचं नाव. तिने प्रत हातात घेतली, उलटीसुलटी करून पाहिली. म्हणाली, कागदात काय लिवलं हाय? मी म्हटलं, तुझा नवरा निर्दोष होता असं लिहिलंय."

"मग?"

"म्हणाली, ते त मले माहीत होतं."

भन्तेंनी टाका ओढून घट्ट केला.

"आणि प्रत मला परत दिली. म्हणाली, हा कागद तुमीच ठेवा. तुमाले माहीत नवतं न."

...

वारा पडला होता. दोरीवरचं भगवं चीवर हलायचं थांबलं होतं.

"आता त्याचा भाऊ आत आहे," अश्वघोष म्हणाला. "चार महिने झाले. दुसरी घरफोडी, दुसरं ठाणं, बाकी सगळं तेच. जामीन मिळाला, जामीनदार नाही. येत्या शुक्रवारी आरोप वाचून दाखवणार. परवा भेटायला गेलो तर जाळीपलीकडून त्याने विचारलं..."

"कबूल केलं तर घरी जाता येईल का."

"हो. शब्दाला शब्द."

"त्याने चोरी केली?"

"नाही, भन्ते. त्या दिवशी तो भावाची माती करत होता... पोलिसांनी तिथूनच उचलला." बोलता बोलता तो थांबला, मान हलवली. "नाही. माझा गोंधळ होतोय. तेव्हा तो आतच होता. भावाच्या मातीलासुद्धा त्याला सोडलं नव्हतं. रात्रंदिवस हे दोघं माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळतात."

मग एकदम म्हणाला, "मला चीवर द्या. तुम्ही कोट टाकलात तसा मीही टाकतो. मला यातून सुटायचंय."

भन्तेंनी सुई चिवरात खोचून ठेवली.

"उभा राहा," ते म्हणाले.

अश्वघोष उभा राहिला.

"तिथे नाही. खाली, अंगणात."

तो अंगणात जाऊन उभा राहिला. दुपारचं ऊन थेट डोक्यावर होतं.

"नाव?"

"भन्ते, हे काय..."

"नाव."

"अश्वघोष भगवान रामटेके."

"धंदा?"

"वकिली."

"अश्वघोष भगवान रामटेके, तुझ्यावर आरोप असा आहे, की सुकल्या पवार नावाच्या माणसाने तुला घरी जायचंय म्हणून सांगितलं आणि तू ते ऐकलं नाहीस. आरोप समजला?"

"समजला."

"गुन्हा कबूल आहे?"

अश्वघोषने ओठ ओले केले. "त्या वेळची परिस्थिती अशी होती, की खटल्याचे गुणदोष पाहता..."

"हो की नाही?"

"..."

"हो की नाही?"

"कबूल आहे," अश्वघोष म्हणाला. त्याचे डोळे भरून आले. "कबूल आहे, भन्ते."

भन्तेंनी त्याच्याकडे निरखून पाहिलं.

"खोटं," ते म्हणाले.

"खोटं?"

"कबूल म्हटलं की हलकं होता येईल, चीवर मिळेल, इथून सुटता येईल, असं वाटलं तुला. म्हणून कबूल केलंस."

अश्वघोषच्या मस्तकाची शीर उठली. कितीही झालं तरी तो रामटेके वकील होता. "मग नाही कबूल! मी कायद्याप्रमाणे वागलो. मी त्याला खोटं बोलू दिलं नाही. यात माझा गुन्हा काय?"

"बरं. नाकबूल." भन्तेंनी सुई पुन्हा हातात घेतली. "मग थांब."

"किती वेळ?"

"ते कसं सांगू? साहेब रजेवर आहेत."

आणि ते टाके घालू लागले.

अश्वघोष उन्हात उभा राहिला. आधी रागाने उभा होता. मग हट्टाने. मग त्याच्या पोटऱ्या दुखू लागल्या. घाम मानेवरून पाठीत उतरला. ओसरीवर सावली होती, तांब्याभर पाणी होतं, आणि तिथवर जायला फार तर सात पावलं. 'कबूल' एवढंच म्हणायचं होतं. तो शब्द किती वेळा जिभेवर आला आणि त्याने किती वेळा गिळला, याची मोजदाद राहिली नाही. मग एका क्षणी त्याच्या ध्यानात आलं, की आपण सुकल्याचा विचार करतच नाही आहोत, पाण्याचा करतो आहोत.

तो मटकन खाली बसला.

भन्ते उठले. काठी टेकत अंगणात आले आणि त्याच्याशेजारी, त्याच उन्हात, मातीत बसले. तांब्या बरोबर आणला होता. या वेळी अश्वघोष प्यायला.

"धनलाल नेवारे," भन्ते म्हणाले.

"कोण?"

"माझा पक्षकार. तू यायच्या आधीचा. गावोगाव ढोरं राखायचा. वीजखात्याची तांब्याची तार चोरीला गेली, याला धरलं. पोरीचं लग्न आठ दिवसांवर होतं. मला म्हणाला, वकीलसाहेब, मी चोरी केली नाही, मी कबूल करणार नाही. मी म्हटलं, मूर्खा, कबूल कर आणि घरी जा. पोरीच्या डोक्यावर अक्षता टाक. ही लढाई तुझ्या कामाची नाही."

"मग?"

"त्याला पटत नव्हतं. मी पटवलं. मला पटवता यायचं." भन्तेंनी काठी बाजूला ठेवली. "लग्नाला पोचला. जेवणाची पंगत त्याने स्वतः वाढली. मला निरोप पाठवला, तुम्ही देवमाणूस आहात."

अश्वघोषने तांब्या खाली ठेवला.

"पुढे तालुक्यात तार चोरीला गेली, की धनलालला आणायचे. कबूल केलेला माणूस तो. पोलिसांना दुसरा शोधायचं कारणच उरलं नाही. दुसऱ्यांदा मी लढू म्हटलं. तो म्हणाला, कशाला? तिसऱ्यांदा न्यायाधीशांनी त्याला नाव विचारलं. नुसतं नाव, अश्वघोष. तर तो हात जोडून म्हणाला, कबूल आहे साहेब."

...

"चौथ्यांदा ठाण्यातून परत आलाच नाही."

दूर रस्त्यावरून एक एसटी गेली.

"म्हणून तुम्ही कोट टाकलात."

"पुढे बरीच वर्षं टाकला नव्हता. घालून फिरत होतो. तुला शिकवत होतो."

"आणि इथे आल्यावर... मन शांत झालं?"

भन्ते तलावाकडे बघत राहिले.

"मी लढायला लावलं, तो मेला," अश्वघोष म्हणाला. "तुम्ही कबूल करायला लावलं, तो मेला. मग बरोबर काय होतं, भन्ते? काय करायला हवं होतं? मी सुकल्याच्या भावाला शुक्रवारी काय सांगू?"

"त्या दोघांची नावं सांग."

"आणि?"

"आणि काही नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी अश्वघोष तुरुंगात गेला. जाळीपलीकडे सुकल्याचा भाऊ येऊन बसला. तिशीतला गडी, सुकल्यासारखंच रुंद कपाळ. अलीकडे तोही खोकत होता. अश्वघोषने ऐकलं, आणि न ऐकल्यासारखं केलं, आणि मग स्वतःची लाज वाटून विचारलं, "खोकला कधीपासून?"

"झाले पंधरा दिवस. मंग साहेब, कबूल करू का नको करू?"

बावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं, की पक्षकाराने विचारावं आणि रामटेके वकिलाकडे उत्तर नसावं. त्याने धनलालची गोष्ट सांगितली. मग सुकल्याची सांगितली. त्यात आपण 'कळ काढ' म्हणालो होतो तेही, आणि आपल्याला केस आवडली होती तेही. ते आपण एखाद्या पक्षकाराला सांगू असं त्याला कधी वाटलं नव्हतं. सांगून झाल्यावर तो खाली मान घालून बसला. शिव्या खायची तयारी ठेवून.

पलीकडून शिवी आली नाही.

"म्हंजे कबूल केलं तो एक," सुकल्याचा भाऊ बोटांवर मोजत म्हणाला, "आन नाय केलं तो आमचा दादा. दोन."

"हो."

"मंग तिसऱ्याचं नाव काय, साहेब?"

"तिसरा कोण?"

"जो घरी गेला. आन घरीच राहिला."

अश्वघोषने तोंड उघडलं. त्याला बावीस वर्षांतले सगळे चेहरे आठवू लागले. सुटलेले, सोडवलेले, हार घालून नेलेले. त्याने एकेकाला मनात समोर उभं केलं, आणि पुढे घरीच राहिला असं छातीठोक सांगता येईना म्हणून एकेकाला पुन्हा बसवलं. एवढ्यात भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली. शिपायाने सुकल्याच्या भावाच्या खांद्यावर हात ठेवला. तो उठला, जाताना मागे वळून म्हणाला, "शुक्रवारच्या आधी सांगा बरं, साहेब. मले काहीतरी त म्हणाच लागन न."

अश्वघोष तिथून थेट विहारात आला. कोट अंगावरच होता. भन्ते कालच्याच जागी बसले होते.

"सांगितलीस नावं?"

"सांगितली."

"काय म्हणाला?"

"विचारलं, तिसऱ्याचं नाव काय. जो घरी गेला आणि घरीच राहिला, त्याचं."

भन्तेंनी हळूच श्वास सोडला.

"तू काय सांगितलंस?"

"मला आठवेना... मला एकही नाव आठवेना, भन्ते. तुम्हाला ठाऊक असेल तर सांगा. शुक्रवारच्या आधी त्याला सांगायचंय."

...

...

"त्याचं नाव काय?" भन्तेंनी विचारलं.

"कुणाचं?"

"सुकल्याच्या भावाचं. कालपासून तू त्याचं नाव एकदाही घेतलं नाहीस."

अश्वघोष चपापला. वकीलपत्रावर ते नाव त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं.

"हिऱ्या," तो म्हणाला. "हिऱ्या पवार."

भन्तेंनी डोळे मिटले.

"मग तिसरं नाव तेच. ते त्याच्यापासून लपवू नकोस."